गाठ नसलेलं बासन

१

पुस्तक गेलं होतं आणि बासन जागच्या जागी होतं.

अन्नपूर्णाने फडताळ उघडलं तेव्हा शरूचा नुकता कुठे डोळा लागला होता. आठ महिन्यांची पोर. दात येत होते, म्हणून झोपही कुरकुरी. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या, यजमान दिनानाथ शाळेत शिकवत होते. दिवसातला एवढाच तुकडा अन्नपूर्णाच्या हक्काचा. आज त्यात कालिंदीच्या कविता वहीत उतरवायला घ्यायच्या, असं तिने ठरवलं होतं. टाक धुऊन ठेवला होता, शाई गाळून घेतली होती.

वरच्या खणात तिचं बासन होतं. लाल खारव्याचा चौकोन, त्यात पानं सुटायला आलेली सात जुनी पुस्तकं, वरून दोरी. ते मांडीवर घेऊन ती दोरी सोडायला गेली आणि तिची बोटं नुसती चाचपडत राहिली. ती नेहमी पुढच्या बाजूला सुरगाठ मारायची. आज गाठच नव्हती. दोरीने पाच-सहा वेढे घेतले होते आणि टोक वेढ्याखाली खोचलेलं होतं.

आपणच घाईत केलं असेल, असं म्हणत तिने कापड उलगडलं. सातांची पाच झाली होती. एक गेलं होतं ते आगगाडीचं वेळापत्रक, वीस वर्षांमागचं, कुणाच्या काडीच्या कामाचं नाही. आणि दुसरी गेली होती ती कालिंदी.

शरू झोपेत हसली. अन्नपूर्णा रिकाम्या जागेवर हात ठेवून बसून राहिली. त्या पुस्तकाची दुसरी प्रत आजवर कुणाच्या पाहण्यात आली नव्हती.

२

काशीतल्या कितीतरी मराठी घरांत आता असं झालं होतं. आजोबा मराठी वाचायचे, बाप मराठी बोलायचा आणि नातू "इसमें क्या रखा है" म्हणत पेटी विकून टाकायचा. त्या पेट्या चौकातल्या शिवराम कबाड्याकडे यायच्या. अन्नपूर्णाने शरू पोटात असताना त्याच्याकडून पहिलं पुस्तक घेतलं, आणि मग छंदच लागला. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि मेलेल्यांच्या पुस्तकांना फडताळ."

चार महिन्यांपूर्वी शिवरामने रद्दीच्या गठ्ठ्यातून एक पुस्तक काढून दिलं होतं. तळहाताएवढं, मुखपृष्ठ गेलेलं. कागद पाण्याने फुगून वाळल्यासारखा लहरदार, कडांना तपकिरी डाग, आणि शिवणीत बारीक वाळू. पहिल्या पानावर एवढंच छापलेलं, 'कालिंदी', आणि खाली शके १८३४. आडनाव नाही, गाव नाही. आत बत्तीस कविता. त्यांत एक अंगाई होती. ती वाचताना अन्नपूर्णाला उगाचच भरून आलं होतं. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती. आत्येने वाढवलं होतं, आणि आत्येला विचारलं की एवढंच कळायचं, "सीता तुझ्या आईचं नाव. उजळ होती. तापाने गेली." आईचा आवाज कसा असतो ते अन्नपूर्णाने या अंगाईवरूनच ठरवून टाकलं होतं.

नीज नीज माझ्या बाळे, नदी गेली निजायाला;
काठावर राहिलेला तिचा नाद घे उशाला.

शरूला थोपटताना ती या दोन ओळी म्हणायची. पुढच्या दोन तिला अजून पाठ नव्हत्या. पुस्तक आहे की फडताळात, असं म्हणत राहिली होती. आता तेच नव्हतं. म्हणजे कालिंदी नावाची जी कुणी बाई होती, ती जगात दोन ओळींपुरतीच उरली होती.

तिने मनाशी दिवस मांडले. मंगळवारी पुस्तक तिने स्वतः पाहिलं होतं. आज सोमवार. बुधवारी मुन्शी घाटावरचे नीलकंठराव आले होते. त्यांच्याकडे खोल्या भरून पुस्तकं, आणि कालिंदीच्या बदल्यात ते एक कपाटभर पुस्तकं द्यायला तयार होते. तिने नाही म्हटलं होतं. गुरुवारी तिचे वडील, आबा, म्हणजे यज्ञेश्वरशास्त्री, नेहमीप्रमाणे सासूबाईंना पोथी सांगायला आले होते. शुक्रवारी शिवराम रद्दी न्यायला आत ओटीपर्यंत आला होता. आणि सासूबाई तर घरातच.

तिने शरूला उचलून खांद्यावर टाकलं आणि चौकाची वाट धरली.

३

"चोरी?" शिवरामने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बहूजी, चुराकर बेचूँगा किसको? इस शहर में मराठी किताब की गाहक एक आप और एक वो मुन्शी घाटवाले बाबू. बाबू आपको ही दिखाने दौड़ेंगे."

ते खरंच होतं. शिवाय शिवरामची बांधायची पद्धत तिला ठाऊक होती. तो ताग वापरायचा आणि गाठीवर गाठ मारायचा, सोडायला दात लावावे लागत.

"ती कुठून आली होती तुमच्याकडे? आठवतं?"

"याद क्यों नहीं. एक बूढ़ा मल्लाह था, मर गया. उसकी पेटी बहू ने बेची. पेटी में एक जाल, दो कौड़ी के बरतन और वही किताब." त्याने शरूच्या पुढे बोट नाचवलं. शरूने ते धरलं. "बहू बोली, ससुर ने नदी से उठाई थी. बीस-बाईस बरस हुए. कहता था, सैकड़ों बही जा रही थीं, जैसे जूठी पत्तलें. एक उसने उठा ली. पढ़ना तो आता नहीं था, बस, सरस्वती है, सो रख ली."

अन्नपूर्णाला कालिंदीची पानं आठवली. ती शिवणीतली वाळू. ते लहरदार पान.

कालिंदी विसरली गेली नव्हती. तिला कुणीतरी बुडवलं होतं.

४

नीलकंठराव भिंग बाजूला ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उतरवून घेतलं होतंत?"

तिने मान खाली घातली.

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अन्नपूर्णाबाई. तान्हं मूल, चूल, वाळवी, या तिन्हींवर भरवसा ठेवू नका म्हणून." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलात ते दिसतंय. घ्या. मी तुमच्या जागी असतो तर माझ्यावरच घेतला असता. पण एक सांगा, आणखी काय गेलं?"

"वेळापत्रक. आगगाडीचं."

"ते तुम्ही ठेवलं होतंत कशाला?"

"मी दख्खन कधी पाहिलं नाही. त्यात पुण्यापासून मोगलसराईपर्यंतची सगळी स्टेशनं आहेत. शरूला वाचून दाखवते."

म्हातारा ओळखीचं हसला. "मग ऐका. ज्याला डोळे आहेत तो कालिंदी घेईल आणि वेळापत्रक ठेवील. दोन्हींत एकसारखं काय आहे?"

"आकार," ती म्हणाली. "दोन्ही तळहाताएवढी."

"बाकीची पाच?"

"मोठी."

"म्हणजे नेणाऱ्याला आकार ठाऊक होता. पण दोन्हींतलं कुठलं ते त्याला वाचून ठरवता आलं नाही. म्हणून दोन्ही नेली. निरक्षर माणूस आहे."

तिने त्यांना नदीची गोष्ट सांगितली. त्यांनी गंगेकडे पाहिलं.

"पुस्तक नको झालं तर लोक विकतात, नाहीतर बंबात घालतात. नदीत सोडायला नाव करून जातो तो वेगळा माणूस. अक्षर जाळलं तर पाप लागेल, असं ज्याला वाटतं तो. बुडवतानासुद्धा हात जोडणारा."

परत येताना अन्नपूर्णाच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. निरक्षर. घरात अक्षर न येणारं माणूस एकच होतं.

५

आनंदीबाईंनी सुनेचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. निवडायच्या तांदळाचं सूप त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं.

"मला वाचता येत नाही म्हणून चोर मी?"

"तसं नाही, सासूबाई. मी फक्त विचारलं."

"विचारलंस ते कळलं मला. फडताळावरून बोलते मी, खरं आहे. उद्याही बोलेन. पण पोरीला निजवताना तू ते म्हणतेस ना, नदीचं, तेव्हा मी दाराशी बसते. तुला दिसत नाही एवढंच. मला कुणी असं म्हटलं नव्हतं लहानपणी."

अन्नपूर्णाला जमिनीत शिरावंसं वाटलं. ती त्यांच्या पायाशी बसली. शरू रांगत येऊन सुपातले तांदूळ उधळू लागली आणि दोघींनी एकदमच तिचा हात धरला.

"दाखव ते बासन," सासूबाई जराशाने म्हणाल्या.

अन्नपूर्णाने दोरीचे वेढे पुन्हा घालून दाखवले, जसे सापडले होते तसे, टोक खाली खोचून.

"आता मला सांग, हे मी बांधेन का? आपल्याकडे बायकांना पोथीला शिवू तरी देतात का, बांधायला शिकवायला? माझ्या माहेरी काका असं बांधायचे. गाठ मारायची नाही, वेढे द्यायचे आणि खोचायचं. गाठीने पानं दुमडतात म्हणे." त्यांनी दोरीवरून बोट फिरवलं. "चोराला घाई असते, अन्नपूर्णे. पण याचा हात घाईतही चुकला नाही. जन्मभर पोथ्या बांधणाऱ्याचा हात आहे हा."

नीलकंठराव म्हणाले, नेणाऱ्याला वाचता येत नाही. सासूबाई म्हणतात, तो पोथीवाला आहे. पोथी बांधता येते आणि वाचता येत नाही, असा माणूस कुठे असतो?

आणि मग तिला गेल्या महिन्यातला एक गुरुवार आठवला.

आबा पोथी सांगत होते. शरूने झडप घालून एक सुटं पान ओढलं. अन्नपूर्णाने ते चटकन घेऊन परत ठेवलं आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की ते उलटं पडलंय, अक्षरं डोक्यावर उभी. आबा त्यावर नजर ठेवून सांगत राहिले. एक अक्षर अडलं नाही. ती पदराआड हसली होती. किती पाठ आहे यांना, असं म्हणाली होती मनात.

त्याच दिवशी जाताना त्यांनी विचारलं होतं, "तू पोरीला म्हणतेस ती ओवी कुठली गं?"

"एका जुन्या पुस्तकातली, आबा. फडताळात आहे, एवढंसं, तळहाताएवढं. कालिंदी म्हणून कुणी होती, तिचं."

त्यांनी पाणी मागितलं होतं. आणि ते न पिताच भांडं खाली ठेवलं होतं.

गेल्या गुरुवारी ती शेजारच्या विहिरीवर गेली, सासूबाई देवळात, तेव्हा झोपलेल्या शरूजवळ आबाच बसले होते. या गुरुवारी ते येणार नव्हते. अंगात कणकण आहे, असा निरोप आला होता.

अक्षर जाळलं तर पाप लागतं, म्हणून नदीत सोडणारा माणूस.

"मी बालाजी घाटावर आबांकडे जाऊन येते," ती म्हणाली. सासूबाईंनी शरूला अंगडं घालून हातात दिलं.

ती पायऱ्या जवळजवळ धावतच उतरली. एकच भीती होती. ज्याने एकदा बुडवलं, त्याने ते पुन्हा बुडवलं असलं तर?

६

आबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते देवापुढे बसले होते, पाठ दाराकडे. चौरंगावर रेशमी वस्त्र आणि त्यावर एक लहानसं पुस्तक, त्याला गंध लावलेलं, वर तुळशीचं पान. दुसरं पुस्तक खाली कोनाड्यात, पंचांगाच्या रद्दीत टाकलेलं.

अन्नपूर्णा जवळ गेली आणि तिचे पाय थबकले. गंध लावलेलं होतं ते आगगाडीचं वेळापत्रक.

"कोण?" आबांनी मान वळवली. डोळे तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. उजेडात त्यांच्या बाहुल्यांवर दुधी सावली दिसत होती, आणि इतके दिवस ती अन्नपूर्णाला दिसलीच नव्हती.

"मी, आबा. अन्नू."

"शरूपण आहे. दुधाचा वास आला." मग त्यांचा हात चौरंगाकडे गेला आणि पुस्तकावर पालथा पडला, झाकल्यासारखा. "कळलं तुला."

"कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी धुकं होतं. पोथी पाठच आहे, पानं उलटायची तेवढी. कळलं असतं तर लोकांनी पुराणाला बोलवणं सोडलं असतं. पुस्तक घेतलं, हे चोरीच. मला मान्य आहे. चार दिवस जेवण गेलं नाही."

"मागितलं का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने? वाचून दाखव म्हटलं असतं, तर डोळे गेले ते कळलं असतं. आणि का वाचायचं ते सांगितलं असतं, तर आणखी काही कळलं असतं."

शरूला मांडीवर घेऊन अन्नपूर्णा त्यांच्यासमोर बसली. बाहेर घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले," आबा म्हणाले, "आणि मी त्यावर अंगठीने नाव लिहिलं. सीता. सगळेच लिहितात, नवं नाव. जुनं काय होतं, ते सासरी कुणी विचारत नाही. माहेरी ती कालिंदी होती."

अन्नपूर्णाच्या मुठीत शरूच्या अंगड्याची कड तशीच राहिली.

"कविता करायची. मला माहीत होतं, पण मी माहीत नसल्यासारखा राहिलो. तिच्या भावाने पुण्यात शंभर प्रती छापल्या आणि पार्सल पाठवलं. तू तीन महिन्यांची होतीस. पाठशाळेत गुरुजींनी सगळ्यांदेखत विचारलं, यज्ञेश्वरा, घरात दोन पंडित झाले का रे? सगळे हसले. मी पण हसलो. एवढंच झालं, अन्नू. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. एवढ्यावरून मी सगळ्या प्रती पंच्यात बांधल्या आणि नाव करून मध्य धारेत नेल्या."

"आई काय म्हणाली?"

"पायरीवर बसली होती, तुला मांडीवर घेऊन. परत आलो तर म्हणाली, पाय ओले झालेत, पुसून घ्या." त्यांचा आवाज फाटला. "त्या आश्विनात ताप आला. बावीस वर्षांत तिच्याबद्दल मी तुला काही सांगितलं नाही, ते विसरलो म्हणून नाही. मी ओटीवर विद्यार्थ्यांना संथा द्यायचो आणि ती आत तुला ही ओवी म्हणायची. मी मनात म्हणायचो, जरा हळू म्हण. तुझ्या तोंडून ती ऐकली त्या दिवशी उरलेल्या ओळी आठवू लागलो. मला सबंध संहिता पाठ आहे, आणि तिच्या दोन ओळी नाहीत."

त्यांनी चौरंगावरचं पुस्तक दोन्ही हातांनी उचलून पुढे केलं. "हे तिचं. कागद गुळगुळीत आहे, तेव्हाही असाच होता. दुसरं काहीतरी खराब झालेलं आहे, ते बाजूला ठेवलंय."

अन्नपूर्णाने वेळापत्रक घेतलं. कोनाड्यातून दुसरं काढलं, पदराने पुसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं.

"आबा, हे तिचं."

त्यांची बोटं फुगलेल्या कागदावरून फिरली, लहरींवरून, तपकिरी कडांवरून. शिवणीतली वाळू त्यांच्या नखाला लागली. ती त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिली.

"हे तर भिजलेलं आहे," ते म्हणाले.

"हो. नदीतून आलंय."

त्यांचं तोंड लहान मुलासारखं वाकडं होत गेलं, आणि त्यांनी ते पुस्तक कपाळाला लावलं. अन्नपूर्णाला रागवायचं होतं. सगळ्या वाटेने तिने शब्द गोळा केले होते. बावीस वर्षं आईचा आवाज नसलेल्या पोरीचे शब्द. पण समोर हा म्हातारा होता, ज्याने चार दिवस मोगलसराईच्या गाड्यांना तुळस वाहिली होती.

तिने पुस्तक त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतलं आणि अंगाईचं पान उघडलं.

"नीट बसा, आबा. संथा घ्या."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. विद्यार्थी गुरूपुढे बसतो तशी त्यांनी मांडी घातली, पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना असंच दिलं होतं.

"नीज नीज माझ्या बाळे, नदी गेली निजायाला," अन्नपूर्णा म्हणाली.

त्यांनी दोनदा म्हटलं. पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा स्वच्छ. ती दुसरी ओळ म्हणाली. त्यांनी तीही म्हटली. शरूची मान अन्नपूर्णाच्या दंडावर कलली.

"उद्या नसेन मी जरी, पाणी येईल दाराशी."

आबा थांबले. मग म्हणाले, एकदा, आणि आणखी एकदा.

"त्याला पुस नाव माझे, ठेव ओंजळ उराशी."

ही ओळ मात्र त्यांनी परत म्हटली नाही. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग फार हळू, घरातल्या कुणालाही हाक मारावी तसं, ते म्हणाले, "कालिंदी."

खाली घाटावर कपडे आपटणं थांबलं होतं. शरू झोपली होती.

"ही ओळ पुन्हा दे," आबा म्हणाले. "आणि मग पुढची कविता. किती आहेत?"

"बत्तीस."

"दे."